समुद्रकाठचे आठ दिवस आणि मोती

व्यापारी घराचे वर्ष पंचांगाइतकेच दुकानाच्या वेळापत्रकावर चालते. दिवाळीचे वहीपूजन झाले, लाभपंचमीला पेढी पुन्हा उघडली, की लग्नसराई येते आणि लग्नसराईच्या पाठोपाठ मार्चची घाई. या दोहोंच्या मध्ये डिसेंबरच्या अखेरीस शाळांना सुटी लागते, आणि घरातील मुले वडिलांकडे अशा नजरेने पाहू लागतात, की पेढीवरच्या माणसालाही चार दिवस मोकळे काढावेसे वाटतात. पूर्वी हे चार दिवस तीर्थयात्रेत किंवा नातलगांकडे जात. आता अनेक कुटुंबे कोकणचा समुद्रकिनारा निवडतात. हवा कोरडी व सुखद असते, समुद्र शांत असतो आणि माडांच्या वाड्यांमध्ये लहानशी लाकडी घरे राहावयास मिळतात.

या सहलीत अलीकडे एक नवा प्रश्न उभा राहू लागला आहे. घरातील कुत्र्याचे काय करायचे?

कुत्रा आणि व्यापारी समाज यांचे नाते आजचे नाही. १८३२ साली मुंबईत मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमाविरुद्ध मोठा उद्रेक झाला. त्यात पारशी समाज अग्रभागी होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. तरीसुद्धा कुत्र्याची जागा पुष्कळ काळ उंबऱ्याबाहेरच राहिली. त्याला भाकरी मिळे, पाणी मिळे, आजारात औषधही मिळे. परंतु घरातील माणसांबरोबर त्याने सहलीला जावे ही कल्पना आजच्या पिढीची आहे. ही कल्पना प्रेमातून आलेली असली, तरी प्रेमाबरोबर येणारी जबाबदारी प्रत्येक घराला पूर्ण उमगलेली असतेच असे नाही.

सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरी मोती आला तो ऑगस्ट २०१९ च्या महापुरात. कृष्णेचे पाणी पेठेत शिरले, तेव्हा गोदामाच्या पायरीवर तीन पिल्ले कुडकुडत होती. त्यांपैकी दोन दगावली आणि तिसरे घरी आले. आजींनी प्रथम स्पष्ट सांगितले, की हा जीव पुराचे पाणी ओसरेपर्यंतच राहील. पाणी ओसरले, गाळ निघाला, पेढी पुन्हा सुरू झाली, पण मोती गेला नाही. देवघर आणि स्वयंपाकघर या दोन खोल्यांच्या उंबऱ्याबाहेर त्याने थांबायचे, एवढा नियम आजींनी केला, आणि गावठी कुत्र्याच्या उपजत शहाणपणाने त्यानेही तो पाळला.

पुढे घरची मंडळी बाहेरगावी गेली, की मोती गोदामाच्या राखणदाराकडे राही. एकदा पाच दिवसांच्या प्रवासाहून सर्वजण परतले, तेव्हा राखणदाराने सांगितले, की पहिले तीन दिवस त्याने अन्नाला तोंड लावले नाही. आजोबा काही बोलले नाहीत. पण गेल्या हिवाळ्यात सुटीचा विषय निघाला, नवीन हळदीच्या सौद्यांना अजून अवकाश होता, आणि तेव्हा त्यांनीच अट घातली की जायचे तर सर्वांनी जायचे.

अट घालणे सोपे होते, जागा मिळणे कठीण. चार ठिकाणी नकार आला. पाचव्या ठिकाणी, गुहागरच्या किनाऱ्यालगतच्या एका वाडीत, घरमालकांनी होकार दिला. मात्र तीन गोष्टी आधीच सांगितल्या. कुत्र्याच्या रेबीजच्या लसीचा दाखला दाखवावा लागेल. त्याला पलंगावर चढू देऊ नये. आणि किनाऱ्यावर त्याची साखळी सुटता कामा नये.

“शेठ, बाकी काही नाही,” ते दूरध्वनीवर म्हणाले, “पण हे दिवस कासवांचे आहेत.”

त्या वाक्याचा पुरता अर्थ तेव्हा कोणाच्याच ध्यानात आला नाही.

सांगलीहून कराड, पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूणमार्गे गुहागर, असा हा सुमारे दोनशे किलोमीटरचा रस्ता. घाटातील वळणांचा त्रास जसा माणसांना होतो तसाच कुत्र्यांनाही होतो. म्हणून निघण्यापूर्वी तीन-चार तास मोतीला जेवण दिले नव्हते, पाणी मात्र थोडे थोडे दिले होते. दर दोन तासांनी गाडी थांबवून त्याला फिरवण्यात आले. बंद मोटारीत उन्हात कुत्र्याला एकटे ठेवणे हिवाळ्यातही घातक ठरते, कारण काचा लावलेल्या गाडीत काही मिनिटांतच उष्णता वाढते आणि कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकूनच शरीर थंड करतो. त्यामुळे कराडला चहासाठी थांबल्यावर एकेकाने आळीपाळीने त्याच्यापाशी राहायचे, असे थोरल्या सुनेने ठरवून दिले होते.

घर लहान होते. चिऱ्याच्या जोत्यावर लाकडी भिंती, वर कौले, पुढे पडवी आणि पडवीपासून शंभर पावलांवर सुरूचे बन. बनापलीकडे समुद्र. डिसेंबर अखेरीस तेथे सूर्य सकाळी सातनंतर उगवतो आणि सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास मावळतो. चोविहार पाळणाऱ्या घराला हा दिनक्रम फार सोयीचा पडला. साडेपाचच्या आत जेवण उरकायचे आणि मग सूर्यास्त पाहायला किनाऱ्यावर जायचे. घरमालकीणबाईंना कांदा, लसूण आणि बटाटा वगळून स्वयंपाक कसा करायचा याचा प्रश्न पडला नाही. कुळथाचे पिठले, तांदळाची भाकरी, दुधीची भाजी आणि ओल्या नारळाची चटणी असा बेत त्या रोज थोड्या फरकाने करीत.

समुद्राच्या भरती-ओहोटीचे गणितही या घराला अनपेक्षितपणे ओळखीचे निघाले. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी, जे येईल त्या तासाच्या आसपास भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. चतुर्दशीला साडेदहा. ठिकाणानुसार हा हिशेब थोडा मागेपुढे होतो, पण अंदाजाला पुरतो. अष्टमी-चतुर्दशीची तिथी आजींच्या मुखात असतेच. घरमालकांनी हा हिशेब सांगितल्यावर त्या हसून म्हणाल्या, “म्हणजे समुद्रसुद्धा तिथी पाळतो.” दुसऱ्या दिवसापासून फिरायला केव्हा निघायचे हे त्याच सांगू लागल्या.

मोतीच्या जेवणाविषयी थोडे विस्ताराने सांगणे योग्य ठरेल, कारण शाकाहारी घरांत हा प्रश्न नेहमी निघतो. कुत्रा लांडग्याच्या कुळातला असला, तरी माणसाबरोबर हजारो वर्षे राहून त्याच्या पचनशक्तीत बदल झाला आहे. २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दाखवण्यात आले, की पिष्टमय अन्न पचवणारे जनुक कुत्र्यामध्ये लांडग्याच्या तुलनेत कितीतरी अधिक प्रतींमध्ये आढळते. त्यामुळे पशुवैद्याच्या सल्ल्याने समतोल आखलेल्या शाकाहारावर कुत्रा राहू शकतो. मांजराचे तसे नाही, त्याचे शरीर मांसाहारासाठीच घडलेले आहे. मात्र ‘समतोल’ हा शब्द महत्त्वाचा. नुसती दूधभाकरी म्हणजे समतोल आहार नव्हे. मोतीसाठी डाळ, भात, पनीर आणि भोपळा यांचे प्रमाण सांगलीच्या पशुवैद्याने लिहून दिले होते, वर काही पूरक औषधेही होती. तो कागद थोरल्या सुनेच्या पर्समध्ये लसीच्या दाखल्याशेजारी होता.

दुसरी गोष्ट याहून अधिक लक्षात ठेवण्याजोगी. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींना अपाय करतात. जैन स्वयंपाकघरातले कुत्रे या धोक्यातून आपोआप वाचते. परंतु द्राक्षे, मनुका आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, आणि किती बेदाण्यांनी अपाय होईल हे कुत्र्यागणिक बदलते. सांगली-तासगावच्या घरांत बेदाण्याचा डबा फडताळात कायमचाच असतो. शिऱ्यातले चार बेदाणे प्रेमाने कुत्र्यापुढे टाकणारा हात त्याचे भले करीत नसतो. चॉकलेटचेही तसेच, आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेल्या गोळ्या-मिठायांचेही तसेच. तिसऱ्या दिवशी घरमालकीणबाईंनी नारळीभात केला, तेव्हा त्यातले बेदाणे पाहून थोरल्या सुनेने मोतीची ताटली बाजूला ठेवली. आजींना प्रथम ते कठोर वाटले; कारण कळल्यावर त्यांनीच नातवंडांना बजावले.

समुद्राच्या पाण्याचा धोकाही पहिल्याच दिवशी कळला. लाटांमध्ये धावताना मोतीने खारे पाणी प्यायले आणि रात्री त्याला दोनदा ओकारी झाली. खारे पाणी अधिक पोटात गेले, तर शरीरातील मिठाचे प्रमाण वाढून जिवावर बेतू शकते. दुसऱ्या दिवसापासून गोड्या पाण्याची बाटली आणि वाडगे बरोबर नेले जाऊ लागले. दर पंधरा-वीस मिनिटांनी त्याला पाणी पाजले, की समुद्राचे पाणी पिण्याची इच्छा होत नाही. घरी परतल्यावर गोड्या पाण्याने अंग धुणे, कान कोरडे करणे, शिंपल्याच्या कडांनी पंजे कापले आहेत काय ते पाहणे आणि गोचिडी तपासणे, हा धाकट्या नातीचा नेमच होऊन गेला. किनाऱ्यावर वाहून आलेले मेलेले मासे त्याने हुंगू नयेत, असेही घरमालकांनी सांगितले होते. फुग्यासारखा फुगणारा केंड मासा मेल्यावरही विषारीच असतो.

चौथ्या दिवशी पहाटे जे घडले, त्याने या सहलीचा रंग बदलला.

पंधरा वर्षांचा नातू मोतीला घेऊन उजाडण्यापूर्वी एकटाच किनाऱ्यावर गेला. गुहागरचा किनारा लांब आणि सरळ आहे; त्या वेळी त्यावर चिटपाखरू नव्हते. साखळी सोडू नये हे त्याला माहीत होते. पण समोर एवढी मोकळी वाळू, कोणी माणूस नाही, दुसरे कुत्रे नाही; कोणाला त्रास होणार? त्याने साखळी सोडली.

मोती थोडा वेळ पाण्याच्या कडेने धावला. मग एकाएकी वळून तो वर, कोरड्या वाळूकडे गेला. समुद्रातून वर आलेला आणि पुन्हा समुद्राकडे गेलेला एक रुंद माग वाळूवर उमटलेला होता. मोठ्या टायरच्या ठशासारखा. तो माग जेथे वळला होता तेथे मोती उकरू लागला. मुलाला गंमत वाटली. तो सावकाश चालत तेथे पोहोचला, तेव्हा खड्डा कोपरभर खोल झाला होता आणि मोतीच्या तोंडाला पिवळसर ओल लागलेली होती.

दुरून एक तरुण ओरडत धावत आला. तो कासवमित्र होता. विणीच्या काळात पहाटे किनाऱ्याची गस्त घालून कासवांची घरटी शोधणाऱ्या स्थानिक कार्यकर्त्यांना कोकणात हे नाव आहे. त्याने प्रथम मोतीला पट्ट्याला धरून मागे ओढले, साखळी मुलाच्या हातात दिली आणि मग गुडघ्यांवर बसून हातांनी वाळू दूर केली. आत पांढरी, टेबल-टेनिसच्या चेंडूएवढी अंडी होती. वरची चार फुटलेली होती.

आरडाओरडा ऐकून आजोबा बनातून बाहेर आले. कासवमित्राने रागाने बोलावे आणि आपण ऐकून घ्यावे, अशी त्यांची तयारी होती. पण तो तरुण रागावला नाही. तो अंडी एकेक करून, फिरू न देता, बादलीत ओल्या वाळूवर ठेवीत मोजत होता. काम संपल्यावर तो म्हणाला, “आजोबा, एकशे आठ राहिली. चार गेली. अजून दहा मिनिटं उशीर झाला असता, तर वासावर गावातली बाकीची कुत्री आली असती. मग एकही राहिलं नसतं.”

मुलाने मोतीवर हात उगारला. आजोबांनी तो धरला.

“त्याला कशाला मारतोस?” ते म्हणाले. “नाक त्याचं आहे, साखळी तुझ्या हातात होती.”

घरी परतेपर्यंत कोणी बोलले नाही. त्या दिवशी मुलाने सकाळचा नाश्ता घेतला नाही. दुपारी तो आजोबांपाशी येऊन म्हणाला, “दादाजी, मला माहीत नव्हतं की तिथे काही आहे.” आजोबांनी त्याला उपदेश केला नाही. ते एवढेच म्हणाले, “दिसत नाही म्हणून तर पाहून पाऊल टाकायचं असतं. संध्याकाळी त्या मुलाकडे जाऊन सगळं समजून घे.”

संध्याकाळी जे समजले ते असे. हिवाळ्यात कोकणच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या रात्री अंडी घालण्यासाठी येतात. विणीचा हंगाम साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालतो. मादी भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत सुमारे दीड फूट खोल खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून आपल्या अंगाने दाबते आणि समुद्रात परत जाते. ती पुन्हा त्या घरट्याकडे वळत नाही. वाळूची ऊबच अंडी उबवते, आणि त्या उबेवरच पिल्लू नर होणार की मादी हे ठरते. वाळू अधिक उष्ण असेल तर माद्या अधिक, थंड असेल तर नर अधिक. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. तोपर्यंत त्या शंभर जिवांचे रक्षण करणारे तेथे कोणी नसते.

पूर्वी अंडी माणसेच चोरून नेत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली वेळासच्या किनाऱ्यावर संरक्षणाचे काम सुरू केले आणि ते हळूहळू इतर गावांत पसरले. सापडलेले घरटे कुंपण घातलेल्या जागेत, तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात हलवायचे आणि पिल्ले निघाली की समुद्रात सोडायची, ही पद्धत आता रुळली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या कासवाला स्थान असल्याने त्याला किंवा त्याच्या अंड्यांना इजा करणे हा गंभीर गुन्हा ठरतो. माणसांकडून होणारी चोरी बरीच थांबली. कोल्हे आणि कुत्री मात्र कायदा वाचीत नाहीत. त्यात गावच्या मोकाट कुत्र्यांबरोबर आता पाहुण्यांच्या कुत्र्यांचीही भर पडते आहे.

कासवमित्राने आणखी एक हकीकत सांगितली, ती ऐकून आजोबा बराच वेळ स्तब्ध राहिले. २०२१ साली ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर एका मादीला क्रमांकाची खूणपट्टी लावण्यात आली होती. तीच मादी जानेवारी २०२५ मध्ये याच गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. बंगालच्या उपसागरातून निघून, दक्षिणेला वळसा घालून, अरबी समुद्राच्या या वाळूपर्यंत. व्यापाराच्या निमित्ताने आजोबांनी इरोड आणि निजामाबादच्या हळद बाजारांपर्यंत प्रवास केलेला. एवढा लांबचा पल्ला एका रात्रीच्या कामासाठी गाठणारा जीव त्यांनी ऐकलेला नव्हता.

त्या रात्री मुलाने आजींसमोर नियम घेतला, की येथे असेपर्यंत मोतीची साखळी आपल्या हातातून सुटणार नाही. नियम साधा होता, पण तो पाळण्यासाठी पुष्कळ गोष्टी बदलाव्या लागल्या. कुत्र्याला धावायला हवेच. दिवसभर आखूड साखळीत बांधून ठेवणे हीसुद्धा क्रूरताच आहे. म्हणून चिपळूणहून दहा मीटर लांबीचा मऊ दोर आणवला गेला. फिरण्याची वेळ उजाडल्यावर, गस्त संपल्यानंतरची ठरली. फिरायची जागाही ठरली: भरतीच्या रेषेच्या खाली, ओल्या वाळूवर, कारण मादी अंडी घालते ती कोरड्या वाळूत. आजींचे तिथीचे गणित येथे कामी आले. ओहोटी केव्हा असेल हे आधी कळल्याने रुंद ओला किनारा मिळे, आणि मोतीही मनसोक्त धावे.

नजर एकदा वाळूकडे वळल्यावर इतर जीवही दिसू लागले. ओहोटीच्या वेळी लहान खेकडे वाळूच्या बारीक गोळ्यांची रांगोळी घालीत. पाण्याच्या कडेला कुरव आणि चिखल्या पक्ष्यांचे थवे उतरलेले असत. तपकिरी डोक्याचे कुरव लडाख, तिबेट आणि मध्य आशियातील उंच सरोवरांकाठी वीण करतात आणि हिवाळा आपल्या किनाऱ्यांवर काढतात. परतीच्या प्रवासासाठी लागणारी चरबी ते येथे साठवतात. कुत्रा थव्यावर धावून गेला, की सारा थवा उडतो. पाहणाऱ्याला ते दृश्य सुंदर वाटते, छायाचित्रेही छान येतात, पण प्रत्येक उड्डाणात त्या पक्ष्यांची साठवलेली शक्ती खर्च होते. दिवसभरात अशी दहा कुत्री आली, तर त्यांनी खायचे केव्हा? हे कळल्यानंतर थवा दिसला, की धाकटी नात दुरूनच “इकडे, मोती,” म्हणून वळण घेई.

एकतीस डिसेंबरची रात्र हा या सहलीतला शेवटचा कसोटीचा प्रसंग. किनाऱ्यावर फटाके उडणार हे घरमालकांनी सकाळीच सांगितले होते. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो; कुत्र्याला सुमारे पंचेचाळीस हजारांपर्यंतचा, आणि हलका आवाजही त्याला दुरून कळतो. परक्या गावात घाबरलेले कुत्रे दिसेल त्या दिशेने पळत सुटते आणि परतीचा वास त्याला ठाऊक नसतो. अनेक पाळीव कुत्री हरवतात ती अशाच रात्री. म्हणून मोतीच्या गळपट्ट्यावर दूरध्वनी क्रमांकाची चकती होतीच, ती पुन्हा तपासली गेली. त्याला दिवसा भरपूर फिरवून अंधारापूर्वी घरात घेतले. दारे-खिडक्या लावल्या, पडदे ओढले, पंखा लावला, आणि पलंगाखाली त्याची नेहमीची घोंगडी अंथरली.

घरातील तरुण मंडळी किनाऱ्यावर गेली. नातू गेला नाही. बारा वाजता पहिला आवाज झाला तेव्हा मोती थरथर कापू लागला. आजी जाग्या होत्या. ज्यांनी सहा वर्षांपूर्वी त्याला पूर ओसरेपर्यंतचीच मुदत दिली होती, त्या पलंगावरून उतरून जमिनीवर बसल्या आणि हलक्या स्वरात नवकार म्हणू लागल्या. त्यांनी त्याला जवळ ओढले नाही, हात मात्र त्याच्या पाठीवर ठेवला. अर्ध्या तासाने आवाज थांबले. मोतीने पाणी प्यायले आणि तो झोपला. सकाळी किनाऱ्यावर फटाक्यांची कागदे आणि रिकाम्या बाटल्या पसरलेल्या होत्या. नातवाने आणि नातीने गोणी घेऊन त्या गोळा केल्या, तेव्हा कासवमित्रही त्यांच्याबरोबर वाकून वेचू लागला.

निघताना आजोबांनी त्या तरुणाला काही रक्कम देऊ केली. त्याने ती स्वतः घेतली नाही. कुंपणाच्या जाळीसाठी लागणाऱ्या खर्चात जमा करावी, असे सुचवले. आजोबांनी तसे केले आणि पावती मागितली नाही. घरमालकांना त्या आठवड्यात ही एकच गोष्ट व्यापाऱ्याला न शोभणारी वाटली आणि त्यांनी ती हसत बोलूनही दाखवली. आजोबांनी खिशातून लहान वही काढून एवढेच टिपून घेतले: एकशे आठ, घरटे हलवल्याची तारीख, कासवमित्राचा क्रमांक.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सांगलीच्या पेढीवर हळदीचे सौदे जोरात असताना दूरध्वनी आला. घरटे फुटले होते. शहाऐंशी पिल्ले समुद्रात गेली. आजोबांनी वही काढून त्या आकड्याखाली दुसरा आकडा लिहिला आणि घरी निरोप पाठवला. नातवाने विचारले, “बावीस नाही निघाली?” सगळी अंडी कधीच उबत नाहीत, एवढी निघणे हे चांगलेच आहे, असे त्याला सांगण्यात आले. पण फुटलेल्या चारांविषयी त्याने काही विचारले नाही, आणि आजोबांनीही तो विषय काढला नाही.

हिवाळ्यात कुत्र्याला घेऊन समुद्रकाठी जाणाऱ्या कुटुंबांनी या हकिकतीवरून घाबरून जाण्याचे कारण नाही. घरातील जिवाला राखणदाराकडे उपाशी ठेवून जाण्यापेक्षा त्याला बरोबर नेणे केव्हाही चांगले. परंतु सामान बांधताना दाखला, आहाराचा कागद, गोड्या पाण्याचे भांडे आणि लांब दोर या चार वस्तू आधी भराव्यात. पोहोचल्यावर घरमालकाला खोलीच्या सोयींआधी किनाऱ्याविषयी विचारावे: घरटी कोठे आहेत, गस्त केव्हा असते, कुत्र्याला कोठून न्यावे. कोकणातला माणूस हे आनंदाने सांगतो, कारण विचारणारे पाहुणे थोडे असतात. आपल्या अंगणातल्या जिवावर माया करणे अवघड नसते. तो डोळ्यांत पाहतो, शेपूट हलवतो. जो जीव वाळूखाली आहे, ज्याचा आवाज येत नाही आणि ज्याची आई केव्हाच दूर गेली आहे, त्याची आठवण ठेवण्यासाठी मात्र हातातला दोर घट्ट धरावा लागतो.